शेवंतीची दुपार

आमच्या तळघरात भर दुपारी मिट्ट काळोख असतो. तो मी पाडते. सकाळी सातला दिवे बंद, रात्री नऊला चालू. चौदा तास सलग अंधार मिळाला तरच शेवंती कळी धरते, नाहीतर नुसता पाला वाढवत बसते.

दिवे लाल आणि निळे. निळ्याखाली झाड ठेंगणं, भरीव राहतं. नुसत्या लालखाली मान लांबवतं. अंधाराच्या वेळात आत जायचंच झालं तर मिणमिणता हिरवा टॉर्च न्यायचा, कारण हिरव्याकडे शेवंती फारसं लक्ष देत नाही. लाल मात्र चुकूनही नाही. अंधारात मध्येच दहा मिनिटं लाल दिवा लागला की तिच्या लेखी रात्र मोडली, कळीचा बेत रद्द. हे मी नवऱ्याला जेवताना समजावलं होतं. "बरं, मास्तरीणबाई," म्हणाला आणि पुन्हा भात वाढून घेतला.

दूरच्या शहरातल्या बियाणं केंद्रात मला जागा मिळाली होती. "जाईन, पण इथे फुलं आणून दाखवीन मगच," हे माझ्याच तोंडून निघालेलं. कुणी म्हणा म्हटलं नव्हतं. जिभेला हाड नसलं की असं होतं.

पहिली लागवड फुलली नाही. दुसरीही नाही. मी दाराच्या फटींना काळी चिकटपट्टी लावली, टायमरवरच्या ठिपक्याएवढ्या दिव्यावरही लावली. तिसऱ्या खेपेला झाडं कमरेपर्यंत आली, पानं हिरवीगार, आणि कळीचा पत्ता नाही. माझं डोकं फिरायची वेळ आली. सासूबाई पाठीवर हात फिरवून म्हणायच्या, "होईल गं. पुढच्या खेपेला होईल." केंद्राने कळवलं होतं, सोमवारपर्यंत या, नाहीतर जागा दुसऱ्याला. आज शुक्रवार.

दुपारी मी रोपं पोचवायला जाते. आज अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली. ती तिथेच सोडून, चरफडत, मागच्या बाजूने थेट तळघरात शिरले आणि दार लावून घेतलं. मागच्या मांडणीशी बसून हिरव्या टॉर्चने शेंडे तपासत होते. पुन्हा पानंच. तेवढ्यात जिन्याकडच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली. मी टॉर्च विझवला.

नवरा आत आला. चाचपडला नाही, ठेचकाळला नाही. सरळ भिंतीशी गेला आणि त्याने लाल दिव्यांची रांग लावली. मग हाताची घडी घालून घड्याळाकडे बघत उभा राहिला, दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहतात तसा. चिकटपट्ट्या लावताना सोललेली माझी बोटं मला दिसत होती, त्या उजेडात तीसुद्धा लाल.

मी उठले. तो दचकून मांडणीवर आपटला.

"कधीपासून?"

"अगं, तू इथे..."

"कधीपासून, ते सांग."

"दुसऱ्या खेपेपासून," तो म्हणाला. "पहिली खरंच आपोआप गेली. तेव्हा तू राहिलीस. मग मला वाटलं..."

"जाऊ नकोस म्हणायला तोंड नव्हतं?"

"म्हटलं असतं तर भांडून गेली असतीस. अशी निदान घरात तरी होतीस."

त्याचे डोळे भरले होते. मला त्याची कीव आली आणि त्या कीवेचाच जास्त राग आला. वर्षभर मी झाडांची माफी मागत होते. माझंच काहीतरी चुकतंय म्हणून रोज नव्याने मोजत होते, लिहीत होते, रडत होते. आणि हा मला पाणी आणून द्यायचा.

दार ढकलून मी बाहेर आले. जिन्याच्या खालच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या, दाराकडे पाठ, नजर वर रस्त्याकडच्या खिडकीवर. पावलं ऐकून मान न वळवताच म्हणाल्या, "झालं का रे? आटप लवकर, ती येईल."

"आली," मी म्हटलं. "आणि निघालीसुद्धा."

त्या उठल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. करकचून धरलं असतं तर एका झटक्यात सुटले असते. तो हात मायेचाच होता. सोडवायला फार वेळ लागला.