अध्यक्षांच्या डोक्यावरचा पक्षी

“शेवटचं वर्ष म्हणे! यांचं शेवटचं वर्ष ऐकता ऐकता माझे गुडघे संपले,” अरुणाकाकू कढईतल्या वड्यांना सांगत होत्या. मी शेजारीच वडे वळत होते, म्हणून ऐकू आलं. ऐकलंच नाही असं दाखवून मी पुढचा वडा वळायला घेतला.

काकू म्हणजे इथल्या, कॅनडातल्या रेजिना शहराच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त डॉक्टर चारुदत्तकाका, यांच्या पत्नी. मुलगा अनिश दूर ओकव्हिल शहरात, नातवंडं तिथेच. काकूंना तिकडे राहायला जायचंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण काका गेले तर हॉल बुक कोण करणार, भांडणं कोण मिटवणार? म्हणून दर पाडव्याला काका म्हणत, “आता दुसरं कुणी बघा रे,” आणि आम्ही एका सुरात, “छे छे काका, तुमच्याशिवाय कोण!” काकू तेव्हा किचनमध्ये असत. ते आमच्या सोयीचंच होतं.

त्या वर्षी माझी शेजारीण नेर्मिन आली होती. मूळची तुर्कस्तानची, आमच्या बटाटेवड्यांसाठी बर्फ तुडवत येते. जेवणं झाली, नव्या अध्यक्षाचा विषय निघाला आणि हॉलमध्ये नेहमीची शांतता पसरली. हे पद कुणालाच नकोय, असं मी तिला सांगितलं, तर ती हसायलाच लागली.

“आमच्याकडे याला उपाय आहे. दौलतीचा पक्षी!” मग तिने इंग्रजीत सगळ्यांना गोष्ट सांगितली. राजा वारस न ठेवता गेला की लोकांना मैदानात जमवायचं आणि हा भाग्याचा पक्षी सोडायचा. ज्याच्या डोक्यावर बसेल तो राजा. एकदा तो एका फाटक्या मेंढपाळाच्या डोक्यावर बसला. दरबाऱ्यांनी हाकलला, तर फिरून तिथेच! शेवटी मुकाट्याने मुकुट द्यावा लागला.

“आपल्याकडे हत्तीण माळ घालते,” काका खुशीत म्हणाले. “पण रेजिनात हत्तीण कुठली? पक्षीच बरा.”

नेर्मिनने आपली निळी लोकरीची टोपी काढली, आत पेपर नॅपकिन कोंबले, रबरबँडने मान आवळली. झाला पक्षी. मग आमच्याकडे पाठ करून तिने तो डोक्यावरून मागे भिरकावला.

ऑफिसात मोठी टीम सांभाळणारा परीक्षित बुटाची लेस बांधायला वाकला. विलासला त्याच क्षणी विंटर टायर बघायला पार्किंगमध्ये जावंसं वाटलं. मी खुर्चीखाली न पडलेला चमचा शोधत होते. पक्षी धपकन सतरंजीवर.

“पुन्हा टाक!” काका तिला म्हणाले, आणि आमच्याकडे वळून उभेच राहिले. “अरे, राज्य नको म्हणून डोकी लपवता? लाज नाही वाटत? ताठ बसा सगळे!”

सगळ्या हॉलमध्ये ताठ होतं ते एकच डोकं. पक्षी आला आणि त्यांच्या टकलावर असा ऐसपैस बसला, जणू तिथलाच.

काय टाळ्या पडल्या! “देवाचाच कौल!” दारातून परत आलेला विलास ओरडला. परीक्षितने शिटी मारली. काकांनी पक्षी एका हाताने सावरला. चेहरा इतका फुलला होता की त्यांना हे पद कधी सोडायचंच नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

“आता तो पक्षीच म्हणतोय, तर यंदाचं एक शेवटचं वर्ष—”

किचनच्या दारातून काकू आल्या. ॲप्रन तसाच, हातात झारा. झारा त्यांनी टेबलावर ठेवला, झोपलेल्या मुलाची टोपी काढावी तसा काकांच्या डोक्यावरचा पक्षी अलगद उचलला आणि परीक्षितच्या मांडीवर ठेवला. टाळ्या थांबल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मला अनिशकडे राहायला जायचंय. पुढच्या पाडव्यानंतर नाही, या उन्हाळ्यातच. तुम्ही चला, तुम्ही बरोबर असलात तर मला फार आवडेल. पण नाही आलात, तरी मी जाणार आहे.”