लंडन पडलं तो रविवार

१८०५, सप्टेंबर. फ्रेंच फौजा केंटच्या किनाऱ्यावर उतरल्या आहेत.

आजचा रविवार. त्या फौजा आमच्या जेवणाच्या टेबलावर आहेत आणि माझे होणारे सासू-सासरे फ्रान्समधल्या लियाँहून जेवायला आलेत. बाबा पटावरच्या युद्धाचा अर्धवट डाव कधीच मोडत नाहीत, म्हणून आम्ही सगळे मांडीवर ताटल्या घेऊन बसलो.

"लग्न फ्रान्समध्येच होईल," ओदिलबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगून टाकलं. "आमच्या घरात कुणी परदेशात लग्न केलेलं नाही."

मला केंटमधल्या आमच्या गावचं, हाइथचं, छोटं चर्च हवं होतं.

सासरे मात्र नकाशावर वाकले होते. "डेस्मंड, थेम्सचा पूल उघडा टाकलात?"

"या की मग!" बाबा म्हणाले. "आजवर एकालाही लंडन घेता आलेलं नाही."

पटावर १८०५, ऑक्टोबर. बाबांचा फासा एकावर थांबला आणि लंडन पडलं. आमच्या घरचा नियम असा की जिंकणाऱ्याने पहिला हुकूम काढायचा आणि हरणाऱ्याने तो मुकाट पाळायचा.

"बोला, महाराज," बाबा हात जोडत म्हणाले.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदाचा इवलासा फ्रेंच झेंडा हाइथवर रोवला. "आजपासून हे फ्रान्स. ओदिल, लग्न फ्रान्समध्येच हवंय ना तुला? मग इथेच होऊ दे."

ओदिलबाईंनी कललेला झेंडा बोटाने सरळ केला.

"बरं. पण केक आमच्या पद्धतीचा."

"चहा मात्र आमचा," आई म्हणाली. "हरलो म्हणून काय झालं?"