काळ्या वेगळ्या ठेवायच्या

मी चाळण बोलतेय. पिठाची नव्हे, अळ्यांची. ऐकून नाक मुरडलंत तरी चालेल, मला सवय आहे.

सुतारानं चौकट ठोकली, तारेची जाळी ताणून बसवली, झाला माझा जन्म. मालकिणीनं मला उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाली, "हीच द्या."

मालक-मालकीण मांसाच्या कोंबड्या पाळायचे. कुणाचं तरी बघून मालकिणीनं मागच्या खोलीत टबात अळ्या वाढवायला घेतल्या. सडकी भाजी, शिळंपाकं घालायचं. पंधरा दिवसांत अळ्या टरारून फुगायच्या. मग टब माझ्यावर उपडा. भुसा खाली, अळ्या वर. पांढऱ्या अळ्या कोंबड्यांना. काळ्या पडलेल्या मात्र ती एकेक वेचून डब्यात ठेवायची.

"अगं, तांदूळ आहेत का ते, एवढं निवडायला?" मालक म्हणायचे.

"बियाणं आहे ते. यांच्या माश्या होणार, त्या अंडी घालणार, तेव्हा कुठं पुढच्या अळ्या. तुम्हाला सगळं शिजवून पुढ्यात येतं ना, तुम्हाला काय कळणार."

कोंबड्या दीड महिन्यात गाडीत चढायच्या. त्या दिवशी ती आत जाऊन बसायची. एकदा म्हणाली, "आपल्याकडं काही टिकतच नाही. या माश्या तेवढ्या आपल्या." खरंच होतं ते. पाच वर्षं त्याच माश्यांची लेकरं-नातवंडं कोपऱ्यात टांगलेल्या मच्छरदाणीसारख्या जाळीत नांदली.

मग ती गेली. सकाळी छातीत कळ आली, दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

चौथ्या दिवशी मालकांनी मला हातात घेतलं. त्यांना नीट दिसत नाही. तरी माझ्यावर वाकून काळ्या वेचायचे आणि हळूच तिला सांगायचे, "बघ, एकही सोडली नाही."

असं वर्षभर चाललं. यंदा मालकांना ताप भरला. आठ दिवस दवाखान्यात होते. लेक सासरहून धावत आली. कामसू पोर, आईसारखीच, बसून राहणं ठाऊक नाही.

मालक परतले तेव्हा ती दारातच सांगू लागली, "बाबा, कोंबड्या बघा कशा झाल्यात. सगळ्या अळ्या घातल्या त्यांना, काळ्यासुद्धा. आणि त्या जाळीत माश्या किती माजल्या होत्या. गरम पाण्यानं धुऊन काढली. टबही घासला. आई असती तर आज मला नावं ठेवायला जागा नव्हती."

मालक दाराला धरून उभे राहिले. लखलखीत धुतलेल्या जाळीकडे बघत राहिले. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं केलंस बाळा. दमली असशील."

तिला अजून ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात तिनंच कुठून तरी नव्या अळ्या आणल्या. त्याही वाढल्या चांगल्या. चाळायची वेळ आली तसं तिनं मला खुंटीवरून काढलं.

"ती नको," मालक म्हणाले. "तिला भोक पडलंय."

"बाबा, चाळणीला भोकंच असतात."

"मोठं पडलंय. दुसरी घे."

तेव्हापासून मी खुंटीवरच. माझी एकही तार तुटलेली नाही. पण बाबांनो, कधी या घरी आलात, तर तसं बोलू नका. लेकीसमोर तर मुळीच नको.