मधली पट्टी

डॅडींच्या गाडीच्या मागच्या काचेच्या वरच्या कडेला, बरोबर मध्यावर, रंगाखाली अडीच इंच रुंदीचा फुगवटा आहे. डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं तरच कळतो.

त्रेसष्ट सालच्या कॉर्व्हेटला मागे दोन काचा होत्या आणि त्यांच्यामधे एक पट्टी. पुढच्या वर्षीच्या गाडीला एकच काच आली, तेव्हा आपली जुनी दिसू नये म्हणून डॅडींनी पट्टी कापून टाकून एकच काच बसवायचं ठरवलं. करवत माझ्या भावाने, गार्लंडने, चालवली. तो सतरा वर्षांचा होता. कुठे कापायचं त्या रेघा डॅडींनीच मारल्या होत्या. दिवा मी धरला होता.

आता लोक त्या पट्टीसाठीच वेडे होतात. केंटकीतल्या जुन्या गाड्यांच्या दर मेळाव्यात डॅडी गार्लंडला गाडीशेजारी उभं करतात आणि म्हणतात, "हा बघा आमचा खाटीक!" लोक हसतात. गार्लंडही हसतो. रेघांबद्दल मी कधीच बोलले नाही. तीस वर्षं तो ही गाडी पुसतोय, कारण ती आपल्याला मिळेल अशी त्याला आशा आहे. त्याने विचारलं की डॅडी म्हणतात, "बघू."

काल एका पाहुण्याने डॅडींना विचारलं, "लाइल, तुमच्यानंतर ही कोणाची?"

गार्लंडचा फडका थांबला. "सांगा ना डॅडी, एकदाचं."

डॅडींनी खुर्चीतूनच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"लिलावात जाईल. तोवर तू पुसत राहा, तेवढं तुला जमतं."