चिमणीच्या मनुका

अक्काचं फळांचं पुडिंग ज्याने खाल्लेलं नाही त्याला ते समजावून सांगणं अवघड आहे, आणि मला तर सोप्या गोष्टीही धड सांगता येत नाहीत. तरी प्रयत्न करतो.

गोल साचा. तळाला लोणी आणि साखर, त्यावर पिठाचा पातळ थर, मग फळं, मग उरलेलं सगळं पीठ. ओव्हनमधून निघालं की ताटात पालथं घालायचं, म्हणजे तळाची साखर तांबूस होऊन वर येते. इथवर कुणालाही जमेल. अक्काची तऱ्हा पुढे आहे. ती फळं एकत्र कालवत नाही. घरातल्या प्रत्येकाची फाक ठरलेली आणि त्या फाकेत त्याच्या आवडीचं फळ. बाहेरून सगळीकडे सारखाच तांबूस रंग, आत कुणाचं काय ते एकट्या अक्काला ठाऊक. साच्याच्या कडेला पोचा आहे, त्याची खळी पुडिंगवर उमटते. ती खळी अक्का आपल्या पुढ्यात घेते आणि सुरी फिरवते. ज्याच्या समोर जी फाक येईल ती त्याची. टेबलाशी सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. पाहुणा आला तरी त्याला स्टुलावर बसवतात, खुर्ची देत नाहीत.

या वेळी अक्काचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. न्हाणीघरात पाय घसरला होता. मुलं रविवारी जेवायला येणार म्हटल्यावर तिने मला बोलावलं.

"किड्या, हात तुझे, डोकं माझं," ती म्हणाली. पुस्तकी किडा म्हणून लहानपणी चिडवायची, त्यातलं पुस्तक केव्हाच गळून पडलं.

मी घरून निघण्याआधीच मला भाचीचा, म्हणजे चिमणीचा, फोन येऊन गेला होता. नाव चिमणी, पण बोलायला लागली की समोरचा माणूस फोन कानापासून लांब धरतो.

"मामा, तुम्ही सकाळपासून आईजवळच असणार ना? मग नीट लक्ष ठेवा. विसरते का बघा. परवा गॅस तसाच ठेवून बाजारात गेली होती. दादा म्हणतो, तिला आता एकटी ठेवायची नाही. घराला कुलूप लावायचं आणि तिला त्याच्याकडे न्यायचं. आज जेवणानंतर विषय काढणार आहोत."

"तिला विचारलंत का?" मी म्हणालो.

"तुम्ही आधी बघा तर."

म्हणजे स्वयंपाकघरात मी मदतनीसही होतो आणि हेरही. अक्काला हे घर सोडायचं नाही हे मला ठाऊक होतं. तिनेच मला एकदा सांगितलं होतं, की दुसऱ्याच्या घरात सकाळी किती वाजता उठावं हेसुद्धा कळत नाही. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, ती काही विसरली तर गुपचूप सावरून घ्यायचं.

ती खिडकीपाशी खुर्चीत बसून डाव्या हाताने मनुकांचे देठ काढत होती. मी ओट्याशी. तिथून तिला साचा दिसत नव्हता.

"पोचा तुझ्याकडे कर. तिथे माझी फाक, पेअर घाल. आता उजवीकडे सरक. तिथे चिमणी, मनुका. हात आखडू नकोस, तिला मूठभर लागतात. तिच्या उजवीकडे जावई, आलुबुखार. मग तू."

"मला काय?"

"तुला उरलंसुरलं सगळं. तू ताटात बघतोस कधी? मग सूनबाई, तिला जर्दाळू. आणि शेवटी थोरला, नुसतं सफरचंद. त्याच्या फाकेत चुकून एक मनुका गेली तर जेवण सोडून उठेल, लहानपणापासून तसाच आहे."

माझा हात मनुकांच्या वाटीवर थांबला. पुडिंग पालथं घालायचं आहे. पालथं घातलं की उजवीकडचं डावीकडे जाणार! अक्का हे विसरली की काय?

माझा जन्म छापखान्यात प्रुफं वाचण्यात गेला. लेखकाची चूक दिसली की त्याला न बोलता दुरुस्त करायची, आणि त्याला वाटू द्यायचं की आपण बरोबरच लिहिलं होतं, हे एकच कसब माझ्या अंगी आहे. मी अक्काकडे पाहिलं. ती देठ काढत होती. मी मनुका डावीकडे घातल्या. त्यापुढे आलुबुखार, तेही डावीकडे. ती उजवीकडे म्हणत गेली, मी डावीकडे सरकत गेलो. वरून पीठ ओतलं तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की मी चक्क गुणगुणत होतो.

"काय रे, आज गाणं?" अक्का म्हणाली.

"काही नाही."

दुपारी सगळे जमले. अक्काच्या उजव्या हाताला थोरला, त्याच्या शेजारी सूनबाई, अक्कासमोर मी, माझ्या पलीकडे जावई आणि अक्काच्या डाव्या हाताला चिमणी. जेवण झालं. मी पुडिंग पालथं घातलं, ते न फुटता उतरलं, जावयाने टाळी वाजवली. खळी अक्काच्या पुढ्यात आणून मी फाका केल्या आणि वाढल्या.

थोरल्याने पहिला घास घेतला आणि त्याचा जबडा थांबला. त्याने जिभेने काहीतरी बाजूला केलं आणि हळूच बशीच्या कडेला ठेवलं. मनुका. मग दुसरी.

सूनबाई आलुबुखार चावत होती. चेहरा हसरा ठेवला होता, पण डोळ्यांत पाणी येतं की काय असं वाटत होतं. जावयाने आपली फाक काट्याने उघडून आत डोकावून पाहिलं.

"आई," चिमणी म्हणाली, "माझ्यात मनुका नाहीत."

"असं कसं होईल?"

"सफरचंद आहे. मनुका दादाच्या बशीत आहेत."

अक्काने थोरल्याच्या बशीकडे पाहिलं. मग स्वतःच्या. तिची पेअर तिच्याकडेच होती आणि माझं उरलंसुरलं माझ्याकडे, त्यामुळे ती आणखीच गोंधळली. मीही.

"माझी जागा बरोबर आहे," ती पुटपुटली. "मग बाकीचं... मी चुकले का रे?"

चिमणीने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. थोरला आईच्या प्लास्टरवर हात ठेवून फार मऊ आवाजात बोलला. "असू दे ग आई. मनुका खाल्ल्या म्हणून काय मरत नाही मी." आणि त्याने खरंच एक मनुका चावून गिळली. आयुष्यात पहिल्यांदा.

यापेक्षा तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"आपण जरा बोलू या का आता?" चिमणी म्हणाली.

"थांबा," मी म्हणालो. टेबलाशी मी सहसा बोलत नाही, त्यामुळे सगळे थांबले. "चूक माझी आहे. म्हणजे तिने उजवीकडे सांगितलं, मी डावीकडे लावलं. कारण पालथं घातल्यावर... हे बघा." मी माझी बशी उचलली. ही चिमणी, हा थोरला. बशी उलटी केली. उरलंसुरलं टेबलावर पडलं. "आता चिमणी इकडे गेली. नाही, इकडे. थांबा हं, ती आधी कुठे होती?"

"मी इथेच आहे मामा," चिमणी म्हणाली.

"म्हणजे आरशातल्यासारखं," जावई मदतीला आला. "उजवं डावीकडे."

"हो. म्हणून मी ते आधीच उलटं केलं."

"मग ते सरळ यायला हवं होतं ना?"

"हो," मी म्हणालो, आणि माझं डोकंच चालेनासं झालं. खरंच, सरळ यायला हवं होतं. मग का नाही आलं?

अक्का माझ्याकडे टक लावून बघत होती. "किड्या, चिमणी माझ्या कुठल्या हाताला बसते?"

"डाव्या."

"मग मी उजवीकडे चिमणी म्हटलं, ते काय उगाच? मी उलटंच सांगत होते रे, शहाण्या! जन्मभर मी उलटंच लावत आले. तू ते आणखी उलटं केलंस."

"ताटल्या बदला," ती मुलांना म्हणाली. "थोरल्या, तुझी चिमणीला दे. सूनबाई, तुझी जावयाला."

ताटल्या टेबलावरून इकडून तिकडे गेल्या. सूनबाईने जर्दाळूचा घास घेतला आणि मोठा श्वास सोडला. मला वाटलं, झालं, सुटलो.

पण चिमणी बँकेत तपासणीच्या खात्यात आहे. "एक मिनिट," ती म्हणाली. "आईने पालथं घालायचं विसरून सरळ सांगितलं असतं, म्हणजे उजवीकडे दादा, आणि मामांनी तसंच लावलं असतं, तरी हेच झालं असतं. नाही का?"

जावयाने बोटं हवेत फिरवून पाहिली. "हो. अगदी हेच."

"मामा," चिमणीचा आवाज खाली आला. ती आवाज खाली आणते तेव्हा जास्त भीती वाटते. "तुम्ही तिची बाजू घेताय का? घ्या, मी रागावणार नाही. पण आज तरी खरं सांगा."

मी आठवू लागलो, आणि जितकं आठवावं तितकं निसटू लागलं. वाटी कुठल्या हातात होती? ती उजवीकडे म्हणाली की मला तसं ऐकू आलं? मी लाजराबुजरा माणूस, चारजणांनी एखादी गोष्ट विचारली की मला स्वतःच्या पत्त्याचीही शंका येते. अक्का टेबलाची कडा धरून बसली होती, आणि मला दिसलं की तिलाही आता खात्री राहिलेली नाही.

मग मला वेगळंच काही आठवलं. उजवं-डावं नव्हे, तर पीठ ओततानाचा तो आनंद. सांगितलेलं निमूट करणाऱ्या माणसाला तसा आनंद होत नाही. दुसऱ्याची चूक सापडली की होतो.

"मी डावीकडे लावलं," मी म्हणालो. "मला खात्री आहे. कारण लावताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. वाटलं, अक्का विसरली आणि मी सावरलं. मी गातसुद्धा होतो."

"गात होता!" अक्का ओरडली. "खरंच गात होता ग!"

"मामा? गात होते?" थोरला म्हणाला.

"बेसूर," अक्का म्हणाली.

पहिल्यांदा सूनबाई हसली, मग जावई, आणि मग चिमणीलाही आवरेना. "मामा गात होते म्हणजे काहीतरी घोळ झालाच असणार," ती डोळे पुसत म्हणाली.

थोरल्याने सफरचंदाची फाक संपवली. बराच वेळ तो सुरीने चुरा गोळा करत बसला. "प्लास्टर निघू दे," तो शेवटी म्हणाला. "तोवर सकाळ-संध्याकाळ मामा येतील. गॅसपाशी उभे राहतील. मग पुन्हा बघू."

"पुन्हा काय बघायचंय?" अक्का म्हणाली. "आणि हा गॅसपाशी? मलाच त्याच्यावर नजर ठेवावी लागेल."

"तेच तर," थोरला म्हणाला. ते त्याने कुणाला उद्देशून म्हटलं ते मला समजलं नाही.

सगळे गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. अक्का खुर्ची ओढून जवळ बसली आणि डाव्या हाताने चमचे पुसू लागली.

"किड्या."

"काय?"

"मी उजवीकडेच म्हटलं होतं ना?"

मी नळ बंद केला. तिने मान वर केली नव्हती, पण हातातला चमचा केव्हाच कोरडा झाला होता आणि ती तो पुसतच होती.

"उजवीकडेच," मी म्हणालो.

तिने चमचा खाली ठेवला आणि दुसरा घेतला.