जागचा न हलणारा ढग

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे, हवामान कार्यालयातला. सध्या मुक्काम जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत.

उपग्रहाने काढलेली ढगांची चित्रं माझ्या काचेवर एकामागून एक यायची. वारा कुणाला दिसतो? पण तो ढगाला ढकलतो ना! पहिल्या चित्रात ढगाचा एक पुंजका हेरायचा, पुढच्या चित्रात तो कुठे पोचला ते शोधायचं आणि मध्ये बाण काढायचा. बाण लांब, तर वारा जोराचा. 'ढग जिकडे, वारा तिकडे' ही आमच्या कचेरीची म्हणच होती. समुद्रावरच्या कितीतरी बोटी या बाणांच्या भरवशावर सुखरूप परतल्या. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घ्यायचे, आणि मीही जरा फुशारायचो.

बाण काढण्यात एका बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळे त्यांना वारेबाई म्हणत. खरं आडनाव त्या स्वतःही विसरल्या असाव्यात. त्यांचा धाकटा भाऊ छोटं विमान चालवायचा. एका सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, डोंगरापलीकडच्या दवाखान्यात औषधं न्यायचीत. वर वारा कसा आहे गं?"

बाईंनी चित्रं पुढेमागे केली. शिखरावर एक गुळगुळीत, बशीसारखा ढग होता. प्रत्येक चित्रात तिथल्या तिथे.

"ढग जागचा हलत नाहीये. खुशाल जा."

आमचं सगळं आयुष्य समुद्र पाहण्यात गेलेलं. डोंगरावरचा असा ढग एका बाजूने तयार होत राहतो, दुसऱ्या बाजूने विरत राहतो आणि त्याच्यातून वारा पिसाटासारखा धावत असतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

भाऊ परत आला नाही. विमानाचे तुकडे उतारावर सापडले. बाई माझ्यासमोर बसून तीच चित्रं पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या, तेव्हा कुठे त्यांना तो ढग उमगला. माझी काच फुटली असती तर बरं, असं मला वाटलं.

साहेब मायेनेच म्हणाले, "बाई, मॉनिटर जुना आहे. चित्र अडकलं होतं असं लिहू. तुमच्यावर काही येणार नाही."

"चित्र बरोबर होतं, साहेब. मी चुकीचं वाचलं. तसंच लिहा, म्हणजे पुढचा कुणी फसणार नाही."

साहेबांनी लिहिलं, 'यंत्रात बिघाड'. नाचता येईना, अंगण वाकडं! बाईंनी नोकरी सोडली आणि माझी रवानगी इथे झाली.

मित्रांनो, यंत्रं पुसा, जपा, जुनी झाली की खुशाल मोडीत काढा. पण आपल्या चुकीचं खापर त्यांच्यावर फोडू नका. माझ्या जागी नवा मॉनिटर आलाय. त्याच्यासमोर नवी माणसं बसतात, आणि त्या ढगाबद्दल त्यांना कुणीच सांगितलेलं नाही.