चौदाव्या अध्यायातली दोन वचनं

पाळकसाहेबांना ऑपरेशनसाठी नगरच्या दवाखान्यात ठेवलं आणि रविवारचा उपदेश मरियाच्या गळ्यात पडला. सॅमसन पाळक फोनवर एवढंच म्हणाले, "मरियाबाई, क्रमानं चाललंय तसंच चालू द्या. तुमचा अभ्यास आहे."

क्रमानं म्हणजे बायबलातल्या, पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय. बायकांनी मंडळीत गप्प राहावं, काही विचारायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं, हे ज्यात येतं तोच.

मरिया देवळाली प्रवरात शाळेत शिकवायची. संसार सांभाळून तिनं बाहेरून धर्मशास्त्राची पदवी घेतली होती. त्या अभ्यासात कळलेली एक गोष्ट तिनं नवऱ्याला, कल्याणलासुद्धा, धड सांगितली नव्हती. छापखाने नव्हते तेव्हा पत्रं हातानं उतरवून घेत. काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं नेहमीच्या जागी नाहीत, अध्यायाच्या अगदी शेवटी आहेत. म्हणून काही अभ्यासकांना वाटतं, कुणीतरी मागाहून समासात लिहिलेली टीप उतरवणाऱ्यांनी आत घेतली असावी. बाकीचे म्हणतात, छे, पौलाचीच आहेत. छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही.

शनिवारी मंडळीचे ज्येष्ठ पंच विल्सनकाका घरी आले. "उद्या काय बोलनार हायेस?"

तिनं सांगितलं. काकांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"आसंल बी खरं. पन मंडळीत काढू नको. लोक म्हनतील, यांचं शास्त्रच कुनीतरी बदललंय. आधीच तरनी पोरं उपासनेला फिरकत न्हाईत. एक धागा वढला की सगळं लुगडं उसवतंय, पोरी."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांचा आवाज कापत होता, आणि त्यांना जी भीती वाटत होती तीच तिलाही आठवडाभर छळत होती. त्या दोन वचनांना वळसा घालून जावं काय? कुणाच्या लक्षातही येणार नाही.

रविवारी ती व्यासपीठावर चढली. अध्याय वाचला. त्या दोन वचनांपाशी आली, थांबली, आणि वळसा न घालता जे ठाऊक होतं ते सांगून टाकलं. बोलताना तिला समोरचे चेहरे दिसत नव्हते, फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला कुणीतरी उभं राहिलं. तिची सासू, साळूबाई; मरिया त्यांना आत्या म्हणायची. सत्तरी ओलांडलेली ही बाई देवळात गाण्याखेरीज कधी तोंड उघडत नसे.

"मरिया, एक इचारते."

"वहिनी, खाली बसा," विल्सनकाका पुढच्या बाकावरून म्हणाले. "काय इचारायचं ते घरी इचारा."

"घरी कोनाला इचारू? धनी मातीत हायती."

कुणी हसलं नाही. साळूबाईंनी पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली होती. "त्यांच्या मातीला पाळकसायबानी वाचलं हुतं, देवबापाच्या घरात राहायला लई जागा हाय म्हनून. त्याच्यावर मी इतकी वर्सं काढली. ते बी कुनी मागनं घातलंय का?"

याच प्रश्नाला मरिया भ्यायली होती, आणि तो यावा कुणाकडून, तर आत्यांकडून!

"न्हाई, आत्या," ती म्हणाली. घरची बोली तिच्या तोंडून आपोआप आली. "ते म्या बघितलंय. मला ठाव हायेत त्या सगळ्या जुन्या प्रतींत ते हाय. एखादा बारका शब्द कमीजास्त, पन अर्थ त्योच."

"आन् ही दोन?"

"ही दोन कुनाची, मला खरंच ठाव न्हाई."

साळूबाई म्हणाल्या, "जे ठाव न्हाई ते न्हाई म्हन्लीस. मंग जे हाय म्हन्लीस ते बी खरंच आसंल." आणि बसल्या.

मरियानं उरलेला उपदेश कसाबसा संपवला. दाराशी दोन घरची माणसं सलाम न करताच निघून गेली. संध्याकाळी पंच बसले. पाळकसाहेब येईपर्यंत विल्सनकाकांनी नुसतं वाचन करायचं, मरियाबाईंनी व्यासपीठावर जायचं नाही, असं ठरलं. निरोप ऐकून तिला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच मग लाज वाटली.

मंगळवारी ती शाळेला निघाली होती, तोच विल्सनकाका ओसरीवर आले. चपला काढून चष्मा पुसला.

"त्या हातानं लिहिलेल्या प्रतींचं ज्या पुस्तकात दिलंय ते दाखव. मी आल्तो म्हनून कुनाला बोलू नको."

तिनं पुस्तक काढून दिलं. ते मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट ठेवून ते वाचू लागले. तिला खोडून काढायला वाचतायत की स्वतःसाठी, तिला कळेना. शाळेची वेळ झाली होती. "आत्या, काकांना च्या करा," असं आत सांगून ती बाहेर पडली आणि फाटकाशी पोचेपर्यंत तिनं दोनदा मागं वळून बघितलं.